‘असामान्य’ या शब्दाचा अर्थ

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भावोजींचा गुडघा ठणकतोय हे वाचून वाईट वाटलं. पण दुकानाची पाटी रंगवायला स्वतः शिडीवर चढायचं ठरवलं तेव्हा त्यांनी गुडघ्याला विचारलं होतं का, एवढं माझ्या वतीनं त्यांना विचार. फोन केला असता, पण तुझ्या दुकानात फोन उचलला की पँट आखूड करून घ्यायला आलेली चार माणसं कान देऊन ऐकत बसतात. आजची बातमी चार माणसांत सांगण्यासारखी नाही.

मागच्या महिन्यात मी तपासणी केंद्रात जाऊन गर्भाशयाच्या मुखाची ती तपासणी करून आले होते. चार दिवसांपूर्वी त्यांचं पत्र आलं. आठ ओळींचं पत्र आणि त्यात पाच चुका. ‘गर्भाशय’ हा शब्द ओळीच्या शेवटी असा तोडलाय की वाचणाऱ्याला आधी ‘गर्भा’ दिसतं आणि मग कोण शय ते शोधत बसावं लागतं. माझं नाव चुकलंय, वय एका वर्षानं वाढवलंय. आणि मजकूर काय, तर ‘आपल्या नमुन्यात असामान्य पेशी आढळल्या आहेत. घाबरून जाऊ नये. पुढील तपासणीसाठी यावे.’ म्हणजे आधी माणसाच्या पायाखालची सतरंजी ओढायची आणि मग पडू नये म्हणून सूचना द्यायची. हे लिहिणाऱ्याला पगार मिळतो, ताई. दर महिन्याला मिळतो.

घरी नवऱ्याला पत्र दाखवलं. त्यानं ते दोनदा वाचलं आणि कपबशा घासायला घेतल्या. लग्नाला अठरा वर्षं झाली, या माणसानं कपबशी विसळलेली मी पाहिली नव्हती. आता रोज घासतोय आणि रोज एक फोडतोय.

छापखान्यात मात्र कहर झाला. आमच्याकडे अक्षरजुळणी करणारा तो नवा बुवा आहे ना, त्यानं माझ्या टेबलावरचं पत्र वाचलं. लोकांची पत्रं वाचणं हा त्याचा जोडधंदा आहे. वाचून तोंडभर हसला आणि म्हणाला की अभिनंदन, बाई, तुमच्या पेशीसुद्धा असामान्य निघाल्या, म्हणजे पार्टी द्या. सहा फूट उंच माणूस, मिशी आहे, दोन पोरं आहेत, आणि दवाखान्याच्या पत्रातला ‘असामान्य’ त्याला बक्षिसासारखा वाटतो! असं वाचणाऱ्याला उचलून परत चौथीच्या बाकावर बसवावं आणि त्याच्या हातात पुन्हा पत्र देऊ नये. माणसाला वाचता येत नसेल तर निदान आपल्याला वाचता येतं असं तरी समजू नये.

पुढच्या तपासणीची तारीख २७ दिली आहे. दुर्बिणीतून बघतात म्हणे. जाईन की नाही ते ठरवलेलं नाही. इतक्या चुका करणाऱ्या लोकांनी माझ्या आत डोकावून काय वाचलं असेल कोण जाणे.

भावोजींना नमस्कार. माझ्यावर आहे ती माया तशीच राहू दे.

तुझी,
नकटी


९ मार्च

चि. नकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं. एका गिऱ्हाइकाची पँट उजव्या पायाला दोन बोटं जास्तच आखूड झाली ती त्यामुळे. त्याला सांगितलं की हल्ली अशीच घालतात. पटलं बिचाऱ्याला.

तू नाक मुरडायला जन्माला आलीस, म्हणून तर तुला नकटी म्हणतात. पण पत्रात पाच चुका आहेत म्हणून पेशी बरोबर होत नाहीत. २७ तारखेला मुकाट्यानं जायचं. जावईबापूंना बरोबर ने. त्यांना बाहेर बसव आणि काहीतरी धरायला दे, म्हणजे कपबशा वाचतील.

मला इथे बसून तुझी काळजी करण्यापलीकडे काही करता येत नाही, याचा फार राग येतो. आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. तापानं फणफणलीस की मी रात्रभर पदर ओला करून कपाळावर ठेवायची. आता पदर कुठे ठेवू ते सांग.

एक विचारायचं राहिलं. तो शब्द, असामान्य. तो अशा पत्रात आला तर नेहमी वाईटच असतो का? कधी चांगल्या अर्थानंही लिहीत असतील ना? माझं एक गिऱ्हाईक विचारत होतं. बाई चांगली आहे, फार शिकलेली नाही. तिला कुणीतरी असं पत्र दिलं होतं. मी म्हटलं, माझी बहीण पुस्तकं तपासते, तिला विचारून सांगते.

दुकानात पडदे शिवायचं मोठं काम आलंय. तुझ्या भावोजींचा गुडघा शेकतेय. तुझा आमच्यावर जो जीव आहे तो असू दे.

तुझी,
ताई


१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या त्या गिऱ्हाइकाला माझ्यातर्फे दंडवत घाल. आमच्या जुळणीवाल्याची जुळी बहीण सापडली म्हणायची! दवाखाना काय वक्तृत्वस्पर्धा घेतो का, की तुमच्या पेशी असामान्य आल्या म्हणून पत्र पाठवेल? तिला सांग, दवाखान्याच्या भाषेत असामान्य म्हणजे बिघडलेलं, निदान बिघडलंय असा संशय असलेलं. आणि पुढच्या वेळी पत्र आलं तर शेजारच्या शाळकरी पोराकडून वाचून घ्यायला सांग. मला हसू आवरेना. सध्या हसायला दुसरं काही नाही, म्हणून तुझ्या गिऱ्हाइकाचे आभार.

इकडे नणंदबाई येऊन गेल्या. अर्धा तास बसल्या आणि मन प्रसन्न ठेवायला सांगून गेल्या. त्या असताना ते कसं ठेवायचं हे नाही सांगितलं. मग केंद्राचं माहितीपत्रक वाचलं. पहिल्या पानावर एक बाई फूल हातात घेऊन हसतेय. तिच्या पेशींत काय निघालं होतं म्हणून ती एवढी हसतेय, देव जाणे. आत लिहिलंय की बहुतेक वेळा हे बदल आपोआप बरे होतात, काही वेळा होत नाहीत, क्वचित कर्करोग असू शकतो. बहुतेक, काही, क्वचित. एवढ्या तीन शब्दांत माझं सगळं भवितव्य कोंबलंय आणि यातल्या कुठल्या शब्दात मी बसते ते कुणीच सांगत नाही. लेखकानं मला असं वाक्य दिलं असतं तर मी ते फेकून दिलं असतं.

खरं सांगू? माझं कामात लक्ष नाही. परवा एका औषधाच्या कागदाचं प्रूफ मी सही करून खाली पाठवलं. त्यात ‘दिवसातून दोन वेळा’च्या जागी ‘दिवसातून दहा वेळा’ होतं. यंत्रावरच्या माणसाच्या नजरेस पडलं म्हणून वाचले. त्यानं ते मला गुपचूप आणून दाखवलं, ओरडून नाही. मला त्याचा जास्तच राग आला.

मी जाणार नाही, ताई. ठरवलंय. या लोकांवर माझा विश्वास नाही. आणि नसेल काही तर नसेल. असेल तर ते कळून घेण्याची मला हौस नाही.

लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
नकटी


१९ मार्च

चि. नकटीस,
अनेक आशीर्वाद.

थोडक्यात लिहिते, पडद्यांचं काम अंगावर आहे.

तूच मला एकदा सांगितलं होतंस की एखादा शब्द खटकला की तू समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढतेस. चूक आहे असं म्हणत नाहीस, पुन्हा बघा एवढंच म्हणतेस. आणि मग लेखक चिडतात, आमच्या लेखनाला खूण केली म्हणून फुगून बसतात, बघतच नाहीत, आणि पुस्तक तसंच छापून येतं. त्यांना तू काय काय नावं ठेवतेस ते मी इथे लिहीत नाही. आता तुझ्या समासात कुणी खूण केली तर तू काय करते आहेस? मला तरी फरक दिसत नाही.

तू जा. तू नाही गेलीस तर मी इथून निघून येईन आणि तुला हाताला धरून नेईन. नेलंय मी तुला असं, शाळेच्या पहिल्या दिवशी.

त्या गिऱ्हाइकाला तुझा निरोप दिला. तिला ते पत्र येऊन चार वर्षं झाली. तिनं ते जपून ठेवलंय, चांगलं आहे असं वाटून. आता काय करावं असं विचारते. तिला हसू नकोस.

जीव आहे तोवर माया आहे, हे तुला माहीत आहे.

तुझी,
ताई


२९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेले होते. तुझ्या त्या समासाच्या वाक्यानं इतका संताप आला की नुसत्या संतापानं पोचले.

बसायला एकमेकींना जोडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. एक हलली की सगळ्या हलतात, त्यामुळे कोणाचा पाय थरथरतोय ते सगळ्यांना कळतं. त्या दिवशी माझा थरथरत होता. अंगात घालायला जो झगा दिला त्याच्या तीन नाड्यांपैकी एक नव्हती. तू असतीस तर तिथेच लावून दिली असतीस. डॉक्टरीणबाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान. तिनं व्हिनेगरसारखं काहीतरी लावलं, दुर्बिणीतून पाहिलं, नखाएवढा तुकडा काढला. काय दिसलं असं विचारलं तर म्हणाली की थोडा बदल आहे, बाकी अहवाल आल्यावर. दोन आठवडे. मी तिला म्हटलं की तुमच्या पत्रात पाच चुका आहेत. ती म्हणाली की हो, बरोबर असेल, आणि मला उठायला हात दिला. मी तो हात घट्ट धरला, ताई. मला फार भीती वाटत होती, आणि हे मी तुलाच सांगतेय.

आता पुढचं. कपडे घालताना तिथल्या परिचारिकेला मी गंमत म्हणून तुझ्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली. असामान्य म्हणजे छान असं समजून चार वर्षं पत्र जपणारी बाई. चांगली रंगवून सांगितली. ती हसली नाही. हातातलं काम थांबवून तिनं विचारलं की ती बाई कोण, कुठे राहते, तिला याच आठवड्यात जवळच्या केंद्रात पाठवा. मी म्हटलं, माझ्या बहिणीच्या ओळखीची आहे. तिनं पुन्हा विचारलं की चार वर्षं नक्की ना. आणि हो म्हणता म्हणता मला तुझं एक जुनं पत्र आठवलं.

घरी आल्याबरोबर तुझ्या पत्रांचा गठ्ठा काढला. चार वर्षांपूर्वीचं तुझं पत्र सापडलं. तू लिहिलं होतंस, माझी बायकांची ती तपासणी झाली, केंद्राचं पत्रही आलं, सगळं ‘असामान्य’ आहे म्हणतात, आता बोल. पुढे हसल्याची खूण काढली होतीस.

ते मी वाचलं होतं, ताई. मी. लोकांच्या पुस्तकातला एक उकार सुटू न देणारी. मी तुझं पत्र वाचलं, त्यातल्या ‘परिक्षा’ आणि ‘आशिर्वाद’ खाली लाल रेघ मारली आणि उलट टपाली तुला त्या दोन चुका कळवल्या. खाली लिहिलं की एवढी वर्षं मला पत्रं लिहितेस, निदान आशीर्वाद तरी शुद्ध दे. हेही माझ्या लक्षात आहे. बरोबर त्यांच्या मधल्या ओळीतला शब्द मला दिसला नाही.

गिऱ्हाईक वगैरे कुणी नाही, होय ना? चौथीच्या बाकावर मी तुला बसवलं. शाळकरी पोराकडे मी तुला पाठवलं. जुळणीवाल्याला गाढव म्हणाले, पण तो तरी मनातलं बोलला. सगळ्यांत भिकार वाचक मीच निघाले.

आजच्या आज जा. काही नसेल. पण जा. मी पाया पडते.

तुझी,
नकटी


४ एप्रिल

चि. नकटीस,
अनेक आशीर्वाद. (बघ, बरोबर लिहिलं.)

तुझं पत्र यायच्या आधीच जाऊन आले. सोमवारी गेले. तू २७ला गेलीस असा जावईबापूंचा फोन आला, तेव्हा वाटलं की हिला ढकलून मी कशाला मागे राहू. तुझे भावोजी बाहेर बसले होते. गुडघ्याचं दुःख तीन बायकांना सांगून झालं त्यांचं.

गिऱ्हाईक नव्हतं. मीच होते. तुला वाटेल, ताईला एवढं कसं कळलं नाही. सातवीत शाळा सुटली माझी. घरी तू होतीस, बाबांच्या कामाच्या पाळ्या होत्या. तो शब्द मी आयुष्यात एकाच ठिकाणी वाचला होता. तुझ्या तिसरीच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी लिहिलं होतं, ‘मुलगी असामान्य आहे.’ बाबा कामावर होते म्हणून पालकाची सही मी केली होती. अर्थ विचारायला मी तुझ्या बाईंकडे गेले होते. त्या म्हणाल्या की लाखात एक. केंद्राचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, चला, आपलंही काहीतरी लाखात एक निघालं. ‘पुढील तपासणीसाठी यावे’ असं होतं, पण पुढची म्हणजे पुढे कधीतरी, वेळ झाली की. मग आम्ही दुकान बदललं. नंतर त्यांनी काही पाठवलं असेल तर ते जुन्या पत्त्यावर गेलं.

तुझं मार्चचं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं. सांगणार होते. पण तू त्या माणसाला जे बोललीस ते वाचून तोंड उघडेना. मला तुझा राग आला, नकटे. खोटं कशाला लिहू. तुला शिकवलं याचाही क्षणभर राग आला. मग तू दुसऱ्या पत्रात हसलीस, तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धं ओढून रडले.

डॉक्टर म्हणाले की बदल बराच आहे. तेवढा भाग काढून टाकतील, आणि बदल आणखी आत गेलाय का ते तो तुकडा तपासल्यावर कळेल. ९ तारखेला काढणार. दुखत नाही म्हणे. पत्रानं कळवतील.

तुझं काय आलं ते लगेच लिही. माझ्याआधी मला तुझं कळलं पाहिजे.

तुझी,
ताई


१३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझा अहवाल आला. सौम्य बदल, उपचार नको, एका वर्षानं पुन्हा या. म्हणजे वर्षभर मी ‘बहुतेक’मध्ये राहायचं. नवऱ्यानं ऐकलं आणि शेवटची कपबशी फोडली. चांगलं आलं याची मला लाज वाटते. तुझ्या वाटचं मी घेऊन बसले असं वाटतं.

केंद्राला मी चार पानी पत्र लिहिलं. त्यात म्हटलं की ‘असामान्य’ हा शब्द काढा आणि ‘नेहमीपेक्षा वेगळ्या दिसतात, नक्की काय ते पुन्हा तपासल्यावरच कळेल’ असं सरळ लिहा. उत्तर आलं, ‘आपल्या सुचनेची नोंद घेतली आहे.’ ‘सूचने’तला ‘सू’ ऱ्हस्व. अशा लोकांपुढे डोकं आपटून काय होणार. पण पुन्हा लिहीन. ते बदलेपर्यंत दर महिन्याला लिहीन.

मी १९ला येतेय, पंधरा दिवसांची रजा टाकून. तोवर केंद्राचं पत्र आलं तर उघडू नकोस. मी आल्यावर मी वाचून सांगीन, नीट, शब्दन् शब्द. एवढं तरी मला करू दे.

तुझी,
नकटी


१६ एप्रिल

चि. नकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं सौम्य आलं. ते दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं, सगळ्या गिऱ्हाइकांना. लाज कसली वाटून घेतेस? मला इतका आनंद झाला की एका बाईची चेन फुकट बसवून दिली. तुझं वाईट आलं असतं तर माझं चांगलं आलेलं मला नको होतं.

भाग काढला. दोन दिवस पोटात कळ होती, आता बरी आहे. यंत्र चालवत नाही, हातशिलाई करते. पत्र अजून आलेलं नाही. टपालवाला गल्लीत वळला की मी सुई खाली ठेवते, तो पुढे गेला की सुटल्यासारखं वाटतं आणि लगेच पुन्हा तो हवासा वाटतो. तुला मार्चभर असं होत होतं आणि तू सगळ्यांना शिव्या देत बसलीस, ते आता कळतं. मलाही द्याव्याशा वाटतात, पण मला तुझ्यासारख्या येत नाहीत.

तू १९ला ये. तुझी गादी आतल्या खोलीत घातली आहे. पण तू लिहिलंस ते मला चालणार नाही. ते पत्र माझ्या नावानं येणार आहे, ते मी उघडीन आणि मीच वाचीन, मोठ्यानं, हळूहळू का होईना. तू शेजारी बसायचं. मध्ये बोलायचं नाही, पेन्सिल घ्यायची नाही, ओळी तोडल्या असतील तर तोडू देत. एखादा शब्द अडला तर मी थांबेन आणि तुला विचारीन. तेव्हा मला खरा अर्थ सांग, आणि हसू नकोस.

तुझी,
ताई